परदेशातून पीसीसी काढताना : अर्ज तिकडे, निकाल गावच्या ठाण्यात

कॅनडाचा पीआर (कायम राहण्याचा परवाना) असो, न्यूझीलंडचा वर्क व्हिसा असो, नाहीतर दुबईची नोकरी सोडून कतारला जायचं असो, एक कागद हमखास मागतात : तुमच्या मायदेशात तुमच्याविरुद्ध काही गुन्ह्याची नोंद नाही ना, याचा दाखला. आपल्याकडे त्याला पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट म्हणतात, बोलण्यात पीसीसी. अर्ज अबुधाबीत भरा किंवा टोरांटोत, पडताळणीची वेळ आली की आपल्या बेळगाव सीमाभागातल्या माणसाचा कागद फिरून खानापूर, निपाणी, काकती अशा ठाण्यातच येतो. अडतो तिथं आणि सुटतोही तिथंच. ऑनलाइन फॉर्म भरायला अर्धा तास पुरतो. घरच्या बाजूची तयारी आधी झाली नसेल तर पुढचे दोन महिने त्यात जातात.

कोणता दाखला मागितलाय ते आधी बघा

पीसीसी या एकाच नावाने दोन वेगळे कागद मिळतात, आणि पहिली गल्लत इथं होते. एक कर्नाटक पोलिसांचा, सेवा सिंधू पोर्टलवरून अर्ज करून मिळणारा. बेंगळुरूच्या कंपनीत लागताना किंवा सिक्युरिटीच्या नोकरीला तो चालतो. दुसरा परराष्ट्र मंत्रालयाच्या यंत्रणेतून येतो : भारतात असाल तर पासपोर्ट कार्यालयाकडून, परदेशात असाल तर तिथल्या भारतीय दूतावास किंवा वाणिज्य दूतावासाकडून. व्हिसा, इमिग्रेशन, रेसिडेन्सी यांसाठी जवळजवळ नेहमी हा दुसराच लागतो. भावाला बेळगावात पळवून एसपी ऑफिसचा शिक्का असलेला कागद मागवायचा आणि तो इमिग्रेशनला जोडायचा, ही मेहनत बहुधा वाया जाते.

पासपोर्ट यंत्रणेच्या पीसीसीवर तुमचं नाव, पासपोर्ट क्रमांक आणि कोणत्या देशासाठी दाखला दिलाय ते लिहिलेलं असतं. मजकुराचा आशय असा, की या व्यक्तीविरुद्ध अमुक देशाचा व्हिसा किंवा प्रवासाची सोय नाकारावी अशी प्रतिकूल माहिती नाही. म्हणून फॉर्ममध्ये ‘कोणत्या देशासाठी’ या रकान्यात घाई करू नका. राहताय दुबईत आणि दाखला हवाय ऑस्ट्रेलियासाठी, तर तिथं ऑस्ट्रेलियाच यायला हवं. दोन देशांसाठी एकच पीसीसी वापरायचा विचार असेल तर तोही सोडा, दोन अर्ज करा. नोकरी, दीर्घ मुदतीचा व्हिसा, निवासाचा दर्जा आणि इमिग्रेशन यांसाठीच हा दाखला देतात, टुरिस्ट व्हिसासाठी देत नाहीत.

आणखी एक. इमिग्रेशनवाले बहुतेकदा तुम्ही जिथं जिथं राहिलात त्या प्रत्येक देशाचा दाखला मागतात. कॅनडाच्या बाबतीत गेल्या दहा वर्षांत सलग सहा महिने किंवा जास्त जिथं काढले असे सगळे देश मोजतात. म्हणजे सात वर्षं शारजात काढलेल्या माणसाला भारताचा दाखला लागतो आणि अमिरातीचाही. अमिरातीचा तिथल्या पोलिसांकडून काढायचा असतो, त्यात आपल्या दूतावासाचा संबंध नाही.

कधी काढायचा

फार लवकर काढला तर शिळा होतो. ऑस्ट्रेलिया दिल्याच्या तारखेपासून बारा महिने मानते. न्यूझीलंडला अर्जाच्या वेळी दाखला सहा महिन्यांच्या आतला हवा. कॅनडाचा नियम थोडा वेगळा : सध्या जिथं राहताय त्या देशाचा दाखला अर्जाआधीच्या सहा महिन्यांतला हवा, आणि पूर्वी राहून सोडलेल्या देशाचा दाखला तुम्ही तिथलं राहणं संपवल्यानंतर काढलेला हवा. भारत सोडून पाच वर्षं झालीत आणि नंतर फक्त सुट्टीपुरतं आलाय, तर दोन वर्षांपूर्वीचा भारतीय पीसीसीही कॅनडाला चालू शकतो. नवीन काढायच्या आधी हे वाचलं तर कधीकधी सगळा खटाटोपच वाचतो.

आपल्या भागासाठी अर्जाचा मोसमही बघावा लागतो. डिसेंबरात बेळगावात सुवर्ण विधानसौधमध्ये अधिवेशन भरतं तेव्हा जिल्ह्याचं पोलीस दल बंदोबस्तात गुंतलेलं असतं. गणपती, १ नोव्हेंबर (राज्योत्सव आणि मराठी भाषकांचा काळा दिन) आणि निवडणुकांच्या आसपास तीच गत. ऑक्टोबरअखेर अर्ज टाकून डिसेंबरात दाखल्याची वाट बघणाऱ्याने थोडी जास्त मुदत धरूनच चालावं.

पासपोर्ट आधी नीट करा

पीसीसी पासपोर्ट क्रमांकाला बांधलेला असतो. पासपोर्टची मुदत वर्षभरात संपत असेल तर आधी तो रिन्यू करा, मग पीसीसी. उलट केलं तर दाखल्यावर जुना क्रमांक, व्हिसाच्या अर्जात नवा, आणि मग खुलासे.

आता शेवटचं पान उघडा. सीमाभागातल्या लोकांच्या पासपोर्टवर पत्ता कुठला असेल याचा नेम नसतो. कुणी पुण्यात शिकायला असताना काढलेला, कुणी गोव्यात नोकरीला असताना पणजीहून, निपाणीच्या कुणाचा मामाच्या कागलच्या पत्त्यावर, लग्न होऊन कोल्हापूरला गेलेल्या मुलीचा सासरच्या पत्त्यावर. पूर्ण कर्नाटक बेंगळुरूच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाखाली येतं, पण कोल्हापूरच्या पत्त्याचा पासपोर्ट पुण्याच्या कार्यालयाच्या नोंदीत असतो. परदेशात रिन्यू केलेल्या पासपोर्टवर तर भारतातला पत्ता नसेलही, मस्कत किंवा रियाधचाच असेल. तेव्हा पडताळणी कुठल्या ठाण्याकडे जाणार हे तुम्ही फॉर्ममध्ये भारतातला कोणता पत्ता देता त्यावर ठरतं.

नियम सोपा ठेवा : खरा असलेला आणि दार ठोठावल्यावर तुम्हाला ओळखणारं कुणीतरी भेटेल असा पत्ता द्या. सगळं कुटुंब बेळगावात आणि पासपोर्टवर दहा वर्षांपूर्वीची पुण्याची भाड्याची खोली, अशा वेळी पुण्याचाच पत्ता कायम ठेवला तर पोलीस तिथं जातात, नवा भाडेकरू ‘असं कुणी राहत नाही’ म्हणतो, आणि तसाच अहवाल जातो. गुन्ह्याची नोंद नसतानाही फाइल प्रतिकूल होण्याचं हे नेहमीचं कारण आहे.

पत्ता आणि ठाणे

फॉर्ममध्ये जिल्हा आणि पोलीस ठाणे असे दोन रकाने येतात. बेळगावकरांचा घोळ इथं ठरलेला. बेळगाव शहरासाठी २०१४ पासून पोलीस आयुक्तालय आहे आणि उरलेला जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे. शहराचं आयुक्तालय म्हणजे फक्त कॅम्प, टिळकवाडी, शहापूर, खडेबाजार, मार्केट, माळमारुती एवढंच नाही. काकती, मारिहाळ, हिरेबागेवाडी आणि बेळगाव ग्रामीण ही ठाणीसुद्धा त्यातच येतात. म्हणजे शेतात घर असलं तरी तुमचं ठाणे ‘शहर’ पोलिसांचं असू शकतं. खानापूर, नंदगड, निपाणी, चिकोडी, संकेश्वर, हुक्केरी, यमकनमर्डी, अथणी, कागवाड ही मात्र अधीक्षकांची. दोन्ही मुख्यालयं बेळगावातच. चुकीच्या मुख्यालयात गेलेली फाइल तिथल्या तिथं पलीकडच्या टेबलावर जात नाही, परत फिरवली जाते आणि आठवडे जातात. गाव कुठल्या ठाण्याच्या हद्दीत येतं हे पंचायतीत किंवा ठाण्यातच फोन करून विचारा, अंदाजाने निवडू नका. भालकी-औरादवाल्यांचं मुख्यालय बिदर, हल्याळ-जोयड्याचं कारवार.

जिल्ह्याचं नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदावर बेळगावी झालं. तुमच्या पासपोर्टवर जन्मस्थान जुन्या स्पेलिंगने छापलं असेल तर फॉर्ममध्ये ते जसंच्या तसं भरा, स्वतःहून सुधारू नका. पत्त्यातला जिल्हा मात्र यादीतून निवडायचा असतो, तिथं जे नाव येईल ते घ्या. जन्मस्थान एका स्पेलिंगने आणि पत्ता दुसऱ्याने असला म्हणून फाइल अडत नाही.

पत्ता लिहिताना गल्लीच्या नावावर भागवू नका. आपल्याकडे प्रत्येक दुसऱ्या गावात मारुती गल्ली, लक्ष्मी गल्ली आणि पाटील गल्ली आहे, आणि पाटील गल्लीत निम्मे पाटीलच. ‘पाटील गल्ली, नंदगड, बेळगाव’ एवढ्यावर नव्याने बदलून आलेला कॉन्स्टेबल घर कसं शोधणार? असं लिहा :

घर क्र. २१४, पाटील गल्ली, विठ्ठल मंदिराच्या मागे, मु. पो. नंदगड, ता. खानापूर, जि. बेळगावी, आणि पुढे पिन कोड.

घर क्रमांक पंचायतीच्या किंवा महापालिकेच्या घरपट्टीच्या पावतीवर असतो तोच टाका. हेस्कॉमच्या वीजबिलावर आजोबांचं नाव असेल तर काही बिघडत नाही, नातं दाखवणारा एखादा कागद हाताशी असला म्हणजे झालं. आणि मोबाइल नंबर! भारतातला, चालू असलेला, उचलला जाणारा नंबर द्या : वडिलांचा, भावाचा, वहिनीचा. परदेशी नंबरावर ठाण्यातून कुणी फोन करत नाही. अनोळखी नंबर कापायची घरच्यांची सवय असेल तर तेवढे दिवस ती मोडायला सांगा.

स्पेलिंगचा ताप

मराठी नाव, शाळेचा दाखला मराठीत, जन्मदाखला कन्नडमध्ये, आधार संगणकाने करून दिलेल्या इंग्रजीत. कर्नाटकातल्या नोंदींमध्ये ‘त’ला टी-एच लिहायची रीत आहे. पासपोर्टवर मारुतीच्या शेवटच्या अक्षरात नुसता टी, आधारवर टी-एच. ज्योती, सुनीता, दत्तात्रय यांचं तेच. चौगुले तर तीन-चार तऱ्हांनी लिहिलेले सापडतील. त्यात काही कागदांवर आडनाव आधी, काहींवर शेवटी.

पीसीसीवरचं नाव पासपोर्टवरूनच येतं, त्यामुळे दाखल्यात स्पेलिंग चुकायची भीती कमी. त्रास पडताळणीत होतो : ठाण्यात घरच्यांनी दाखवलेल्या आधारवर एक, फाइलवर दुसरं. एका अक्षराच्या फरकावर समंजस पोलीस अडवत नाहीत, पण पूर्ण नावच वेगळं असेल, म्हणजे कागदोपत्री ‘परशराम’ आणि मतदार यादीत घरातलं हाक मारायचं नाव, तर अडवतात. अर्जाआधी आधार पासपोर्टप्रमाणे दुरुस्त करून घेणं उत्तम. नावाच्या दुरुस्तीला बहुधा तुम्ही स्वतः हजर लागता, म्हणून हे काम सुट्टीत गावी असताना उरकून घ्या. ते शक्य नसेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं वडिलांचं प्रतिज्ञापत्र नोटरीसमोर करून घरी ठेवा.

फॉर्म आणि केंद्र

हा भाग सरळ आहे. परदेशातल्या भारतीय दूतावासांसाठी पासपोर्ट सेवेचं वेगळं पोर्टल आहे. त्यावर तुम्ही राहता तो देश निवडून खातं उघडा, सेवांमधून पीसीसी निवडा, फॉर्म भरा, अर्ज क्रमांकासह प्रिंट काढा. बऱ्याच देशांत कागद दूतावासात न घेता एजन्सीच्या केंद्रात घेतात. अमेरिकेत व्हीएफएस, कॅनडात बीएलएस. तुमच्या देशात कोण आहे ते दूतावासाच्या संकेतस्थळावरूनच बघा, गुगलवर वर येणाऱ्या जाहिरातीवरून नको. सरकारी साइटचा पत्ता ‘गव्ह डॉट इन’ने संपतो. तशाच दिसणाऱ्या आणि जादा फी घेणाऱ्या खोट्या साइटींबद्दल परराष्ट्र मंत्रालयाने वेळोवेळी सावध केलंय.

केंद्रात साधारण हे लागतं : मूळ पासपोर्ट आणि पहिल्या-शेवटच्या पानांच्या प्रती, तिथल्या व्हिसा किंवा रेसिडेन्सी कार्डाची प्रत, तिथल्या पत्त्याचा पुरावा, त्या दूतावासाने सांगितलेल्या मापाचे फोटो, आणि जमलं तर दाखला कोणी मागितलाय त्याचं पत्र किंवा ईमेल. जुना पासपोर्ट असेल तर त्याचीही प्रत न्या. नव्यात काही नोंद असेल तर त्या पानाचीही. प्रतींवर स्वतःची सही, पासपोर्टवर आहे तशीच. शाळेत असताना मराठीत केलेली सही पासपोर्टवर असेल तर इथंही मराठीतच करा. फी देशागणिक वेगळी, त्यावर एजन्सीचं सेवाशुल्क. तुलनेसाठी, भारतात याच दाखल्याची फी ५०० रुपये आहे.

फॉर्ममध्ये तुमच्यावर फौजदारी खटला चालू आहे का असा प्रश्न येतो. त्याचं उत्तर खरं द्या. १९६७ च्या पासपोर्ट कायद्याच्या कलम १२ खाली जाणूनबुजून खोटी माहिती देणं हाच गुन्हा आहे, आणि शिक्षा दोन वर्षांपर्यंत जाऊ शकते.

अर्ज गेल्यावर काय होतं? आधीच्या पासपोर्टच्या वेळची पडताळणी नोंदीत असेल आणि दूतावासाला ती पुरेशी वाटली तर दाखला लवकर हातात पडतो. नाहीतर नव्याने पडताळणी निघते : दूतावासाकडून ऑनलाइन यंत्रणेतून जिल्हा पोलीस मुख्यालयाला, तिथून ठाण्याला, ठाण्यातून तुमच्या बीटच्या कॉन्स्टेबलला, आणि त्याच वाटेने परत. अशा वेळी दीड-दोन महिने धरून चाला.

घरी पोलीस येतात तेव्हा

कधी कॉन्स्टेबल घरी येतो, कधी फोन करून घरच्यांना ठाण्यात बोलावतो. तुम्ही परदेशात आहात हे त्याच्या कागदावर असतंच असं नाही; ‘अर्जदार कुठाय, त्याला घेऊन या’ असं तो म्हणू शकतो. घरच्यांनी न गोंधळता सांगावं, की अर्ज दूतावासातून केलाय, मुलगा तिकडे आहे, हे त्याचे कागद. इथं एक फाइल तयार असली की काम त्याच बैठकीत होतं. तीत ठेवायचं ते असं :

- अर्जाची प्रिंट, पासपोर्टच्या आणि परदेशी व्हिसाच्या प्रती, अर्जदाराचे दोन फोटो.
- अर्जदाराचं आधार आणि घरातल्या एकाचं आधार, दोन्ही त्याच पत्त्यावरचे असले तर सोन्याहून पिवळं.
- रेशन कार्ड, वीजबिल किंवा घरपट्टीची पावती.
- अर्जदाराने सही केलेलं पत्र : मी अमुक देशात अमुक वर्षापासून राहतो, माझ्या वतीने माझे वडील अथवा भाऊ कागद दाखवतील. हे कन्नडमध्ये किंवा निदान इंग्रजीत द्या. मराठी पत्र ठाण्यात वाचायला माणूस मिळतो, पण फाइलला जोडताना पुन्हा भाषांतर मागतात.
- शेजारच्या दोघांची नावं आणि नंबर, ज्यांना आधी सांगून ठेवलंय असे.

शेजाऱ्यांचं हलकं घेऊ नका. ‘याला ओळखता का, वागणूक कशी, सध्या कुठे असतो’ एवढंच विचारतात. पण बांधावरून भांडण चालू असलेल्या भाऊबंदाकडेच कॉन्स्टेबल गेला तर उत्तर काय मिळेल ते सांगायला नको. म्हणून घरच्यांनी आपणहून दोन नावं पुढे करावीत.

जबाब कन्नडमध्ये लिहिला जातो. वडिलांना कन्नड बोलता येत असलं तरी वाचता येत नसेल, तर सही करण्याआधी तो वाचून दाखवायला सांगावं आणि तीन गोष्टी नीट कान देऊन ऐकाव्यात : नाव, ‘या पत्त्यावर राहत नाही’ असं तर लिहिलं नाही ना, आणि गुन्ह्याबद्दलचं वाक्य. ‘सध्या नोकरीनिमित्त परदेशात, कायमचं घर हेच’ असं लिहिलेलं असावं. नुसतं ‘राहत नाही’ लिहिलं तर बेंगळुरूत किंवा दूतावासात बसलेला अधिकारी त्याचा सरळ अर्थ घेतो. सही मराठीत केली तरी चालते.

पैशांचं काय? पडताळणीसाठी ठाण्यात वेगळी फी नाही. २१ दिवसांच्या आत अहवाल पाठवला तर परराष्ट्र मंत्रालय राज्य पोलिसांना त्यापोटी रक्कम देतं. चहापाण्याच्या मागणीला घरचे बळी पडतात ते बहुतेकदा कागद अपुरे असतात म्हणून. फाइल पुरी असेल तर नाही म्हणणं सोपं जातं.

घरात आता कुणीच नाही, आई-वडील गेले, घर बंद, अशा वेळी त्याच गावात किंवा त्याच ठाण्याच्या हद्दीत राहणाऱ्या काका-आत्याकडे फाइल द्या आणि अर्जात त्यांचा नंबर. नाडकचेरीतून (स्थानिक महसूल कार्यालयातून) मिळणारा रहिवासी दाखला किंवा पंचायत विकास अधिकाऱ्याचं (पीडीओ) पत्र जोडलं तर बंद दाराचा प्रश्न बराच सुटतो.

आंदोलनाच्या केसेस

सीमाभागात हा प्रश्न टाळून चालत नाही. काळ्या दिनाची फेरी, मोर्चा, फलकाचा वाद, रास्ता रोको यांतून बेकायदा जमाव, दंगल, सरकारी कामात अडथळा अशी कलमं लागलेली तरुण मुलं गावोगाव आहेत. २०१४ मध्ये येळ्ळूरच्या ‘महाराष्ट्र राज्य’ लिहिलेल्या फलकावरून झालेल्या प्रकारानंतर गावकऱ्यांवर गुन्हे नोंदले गेले, ते खटले पुढे वर्षानुवर्षं चालले. पासपोर्ट यंत्रणेच्या दृष्टीने फौजदारी खटला तो फौजदारी खटला. तो भाषेसाठी होता की मारामारीचा, असा रकाना तिथं नाही.

तेव्हा अर्ज करण्याआधी शोध घ्या. ई-कोर्ट्सच्या ॲपवर कर्नाटक, मग जिल्हा, मग तुमचं न्यायालय निवडून पक्षकाराच्या नावाने वर्षवार शोधता येतं. स्पेलिंग पाच तऱ्हांनी घालून बघा, नुसतं आडनाव घालूनही बघा. एफआयआरमध्ये आठ-दहा नावं आणि पुढे ‘इतर ५० जण’ असं असतं. दोषारोपपत्र दाखल होताना त्या इतरांतली नावं आत येतात. म्हणजे एफआयआरमध्ये नाव नव्हतं यावर निर्धास्त राहू नका.

आता परदेशी गेलेल्यांचा खास धोका. समन्स गावच्या पत्त्यावर आलं, तुम्ही कुवेतमध्ये, घरच्यांनी घेतलं नाही किंवा कळवलं नाही. पुढे वॉरंट निघालं. बाकीच्यांचा खटला खोळंबू नये म्हणून न्यायालय गैरहजर आरोपीची केस वेगळी काढतं, वकील मंडळी त्याला ‘स्प्लिट अप’ म्हणतात. वर्षांनी बाकी सगळे निर्दोष सुटतात, गावात पेढे वाटले जातात, आणि तुमच्या नावाची स्वतंत्र केस तशीच पडून असते. ‘आमची केस कधीच संपली’ म्हणणाऱ्याचा पीसीसी अडतो तो बऱ्याचदा यामुळे. त्यामुळे निकालपत्रात आरोपींच्या यादीत स्वतःचा क्रमांक आहे का ते डोळ्यांनी बघा.

केस खरंच संपलेली असेल तर न्यायालयातून निकालाची प्रमाणित नक्कल काढून घ्या. पोलिसांनी चौकशी करून बी रिपोर्ट (खटला चालवण्याजोगं काही नाही असा अहवाल) दिला असेल तर तो न्यायालयाने स्वीकारल्याचा आदेश हवा, नुसता रिपोर्ट पुरत नाही. सरकारने खटला मागे घेतल्याची बातमी पेपरात आली म्हणूनही संपत नाही. सरकारी वकिलाने अर्ज करून न्यायालयाने परवानगी दिल्याचा आदेश लागतो, पूर्वीच्या दंड प्रक्रिया संहितेत कलम ३२१ खाली, १ जुलै २०२४ नंतर नव्या संहितेच्या ३६० खाली. ही नक्कल दोन जागी द्या : ठाण्यात, त्यांची नोंद दुरुस्त करण्यासाठी पोच घेऊन, आणि दूतावासात अर्जासोबत. ठाण्याच्या रजिस्टरमध्ये जुना गुन्हा वर्षानुवर्षं ‘प्रलंबित’ राहतो, कारण निकाल लागल्यावर तिथं कळवून नोंद बदलून घेण्याचं काम कुणी आपलं मानत नाही.

सण-निवडणुकीआधी शांतता राखण्याच्या हमीसाठी नोटिसा निघतात, जुन्या दंड प्रक्रिया संहितेचं कलम १०७. हा खटला नव्हे, दोषसिद्धी तर नाहीच, पण अहवालात उल्लेख येऊ शकतो. त्या कार्यवाहीचा शेवट झाल्याचा कागद तहसीलदार किंवा कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडून काढून ठेवा. राऊडी शीट (ठाण्यातली गुंड म्हणून नोंद) उघडलं गेलं असेल तर ते बंद करायला वरिष्ठांकडे अर्ज करावा लागतो, त्याला वकील घ्या.

आणि खटला खरोखर चालू असेल तर स्वच्छ दाखल्याची आशा धरू नका. एजंट ‘मॅनेज करतो’ म्हणेल, त्याच्या नादी लागणं म्हणजे एका केसच्या दोन करणं. इथला वकील धरा, वकीलपत्रावर सही दूतावासात साक्षांकित करून पाठवा, वॉरंट रद्द करून घ्या, केस लवकर चालवायचा अर्ज करा. इमिग्रेशनच्या अर्जातही ही माहिती लपवू नका. त्यांच्या लेखी लपवणं हे मूळ कलमापेक्षा जड असतं.

अडलं तर कुठं विचारायचं

फाइल क्रमांक आणि जन्मतारीख टाकून पोर्टलवर स्थिती दिसते. ‘जिल्हा मुख्यालयात प्रलंबित’ आणि ‘ठाण्यात प्रलंबित’ यांतला फरक बघूनच घरच्यांना पाठवा. मुख्यालयात अडकलेल्या फाइलसाठी ठाण्यात हेलपाटे घालून उपयोग नाही. ठाण्याने अहवाल पाठवला म्हणतात आणि पोर्टलवर दिसत नाही, असं झालं तर पाठवल्याची तारीख आणि जावक क्रमांक मागून घ्या आणि तोच दूतावासाला ईमेलने कळवा. ‘पोलिसांनी पाठवलंय’ एवढ्यावर कुणी हलत नाही, क्रमांकावर हलतात.

अहवाल प्रतिकूल आला तर कारण लेखी मागा. पत्त्यावर न सापडल्याचं कारण असेल तर पुरावे जोडून फेरपडताळणीची विनंती करता येते आणि ती बहुधा मान्य होते. दूतावास दाद देत नसेल तर तक्रारीसाठी परराष्ट्र मंत्रालयाचं ‘मदद’ पोर्टल आहे. घरच्यांना भारतातून विचारायचं असेल तर पासपोर्ट सेवेचा टोल फ्री नंबर १८००-२५८-१८००. अगदीच कोंडी झाली तर माहितीच्या अधिकारात केंद्राच्या ऑनलाइन पोर्टलवर दहा रुपयांत अर्ज टाका. फाइल कुठल्या तारखेला कुणाकडे होती एवढंच विचारा. परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाही तो अधिकार आहे.

सुट्टीत गावी येणार असाल तर

महिनाभर गावी असाल तर पीसीसी इथंच काढणं पुष्कळदा सोयीचं. २८ सप्टेंबर २०२२ पासून पोस्टातल्या पासपोर्ट सेवा केंद्रांतही पीसीसीचा अर्ज घेतात, त्यामुळे बेळगावकराला त्यासाठी हुबळी गाठायची गरज उरलेली नाही. अपॉइंटमेंट गावी येण्याआधीच घेऊन ठेवा आणि सुट्टीच्या पहिल्या आठवड्यातली घ्या. पडताळणीला तुम्ही स्वतः हजर असलात की निम्म्या शंका तिथंच मिटतात. एकाच वेळी इथं आणि दूतावासात दोन अर्ज मात्र चालू ठेवू नका, यंत्रणा एकच आहे आणि दोन्ही अडकतात.

भारतात काढलेल्या दाखल्याला परदेशात कधी अपोस्टिल (कागद खरा असल्याचा, करारातल्या देशांत चालणारा सरकारी शिक्का) मागतात. बेंगळुरूत मंत्रालयाच्या शाखेकडे ते काम होतं, कागद अधिकृत एजन्सीमार्फत द्यावे लागतात. सौदी आणि ओमान अपोस्टिल करारात आहेत. कतार, कुवेतसारख्या करारात नसलेल्या देशांना मंत्रालयाच्या शिक्क्यानंतर त्या देशाच्या दूतावासाचा शिक्काही लागतो, त्याचा वेळ वेगळा धरा.

दाखला हातात पडला की काउंटर सोडायच्या आधी नाव, पासपोर्ट क्रमांक, देशाचं नाव, तारीख, सही आणि शिक्का तपासा. चूक तिथल्या तिथं दाखवली तर पटकन दुरुस्त होते, घरी जाऊन आठवली तर नव्याने अर्ज. मूळ कागद रंगीत स्कॅन करून ठेवा, लॅमिनेशन करू नका. लॅमिनेट केलेल्या कागदावर अपोस्टिलचा शिक्का बसत नाही.